दुसरा तानाजी माने

"तुमचं खातं आम्हाला उघडता येणार नाही, मिस्टर माने," काउंटरवरची बाई म्हणाली, तेव्हा मला वाटलं, एखादा कागद कमी पडला असणार. मिरजेहून निघायच्या आधी वर्षभर मी दुसरं काय केलं होतं? कागदच गोळा केले होते. मी लगेच फाईल उघडली.

"काय पाहिजे ते सांगा. पासपोर्ट, राहण्याच्या परवान्याचं कार्ड, हॉस्पिटलचं पत्र, क्वार्टरचं पत्र. सगळं ओरिजिनल आहे."

"कागद पूर्ण आहेत," ती म्हणाली. पन्नाशीची बाई, हेलन नावाची, बोलायला चांगली. आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, "नवीन खातं उघडताना आम्हाला एक सरकारी यादी बघावी लागते. ज्यांना या देशात राहायची परवानगी नाही, त्यांची. त्या यादीत तुम्ही आहात."

"मी?"

"नाव जुळतंय आणि जन्मतारीखही जुळतेय. तानाजी माने, एक जून एकोणीसशे ब्याऐंशी."

मला हसूच आलं. "अहो बाई, एक जून ही काय जन्मतारीख आहे का! ती आमच्याकडं मास्तर टाकतो."

तिला कळेना. मग मी खुलासा करायला बसलो आणि तिथंच माती खाल्ली. म्हटलं, आमच्या खेड्यात पोराची तारीख कोण लिहून ठेवतंय? आई सांगते, तू बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झालास, बैलांच्या सणाच्या. आता ते शाळेच्या दाखल्यात कसं लिहिणार? मग हेडमास्तर वय बसवायचा आणि एक जून लिहून मोकळा व्हायचा. माझ्या वर्गात अडतीस पोरं होती, त्यातल्या एकतीस जणांचा वाढदिवस एकाच दिवशी. आणि माने म्हणाल तर आमच्या सांगली-सोलापूर भागात घरटी एक सापडेल.

हेलननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पासपोर्टवरची तुमची तारीख खरी नाही?"

फाईल गोळा केली, तिनं दिलेलं माहितीपत्रक खिशात घातलं आणि बाहेर आलो. रांगेतल्या लोकांनी मला वाट करून दिली, जरा जास्तच.

ही २०१५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मी मिरजेला दहा वर्षं ब्रदर होतो. ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. तिथून उत्तर इंग्लंडातल्या एका खाणी बंद पडलेल्या गावात, तिथल्या हॉस्पिटलात लागलो होतो. पगार माझ्या स्वतःच्या खात्यावरच जमा होणार, दुसऱ्या कुणाच्या चालणार नाही, असं ऑफिसनं सांगितलेलं. पण पगाराचं मी कसंही निभावलं असतं. खरी अडचण बायकोची होती. उज्ज्वलाच्या आणि आमच्या दोन वर्षांच्या जुईच्या व्हिसासाठी माझ्या इथल्या खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट लागत होतं. खातं नाही तर स्टेटमेंट नाही, आणि स्टेटमेंट नाही तर बायको-पोरगी नाही.

आणखी दोन बँका करून बघितल्या. तिथंही तीच यादी, तेच उत्तर. चूक दुरुस्त करा म्हणून सरकारी कार्यालयाला ई-मेल केला, तर आपोआप उत्तर आलं की, आपला निरोप मिळाला.

क्वार्टरमध्ये आम्ही चौघं होतो. दोघी फिलिपिन्सच्या, एक स्पेनचा पोरगा आणि मी. माणसं भली, पण ज्याची त्याची ड्यूटी वेगळी. फ्रिजमध्ये एकेकाचा कप्पा आणि दारावर एकेकाचा तक्ता. दिवसच्या दिवस मराठी शब्द तोंडातून निघायचा नाही. शेवटी मी लोणच्याच्या बरणीशी बोलायला लागलो. "काय, संपत आलीस व्हय?" असं म्हणायचो आणि मग आपल्याच आवाजाला दचकायचो. घरी फोन लावला की जुई यायची, स्क्रीनवर बोट आपटायची आणि पळून जायची. पप्पा कुठंय विचारलं की ती मोबाईल दाखवायची. उज्ज्वला हसायची, मीही हसायचो. फोन ठेवला की मला रडू यायचं. तेहतीस वर्षांचा बाप्या मी, नळ सोडून रडायचो, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून.

सप्टेंबरात कळलं की, शेफील्डला मराठी लोक हॉल घेऊन गणपती बसवतात. दोन बस बदलून गेलो. दारात एक काकू जेवणाऱ्यांची यादी घेऊन बसल्या होत्या.

"नाव?"

"तानाजी माने."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, तानाजी माने तर सकाळीच आलेत. आत पुऱ्या लाटतायत. तुम्ही कोण मग?"

मी काकूंना उत्तर न देता सरळ स्वयंपाकघरात गेलो. तिथं एक बुटका, काळासावळा गडी खांद्यावर टॉवेल टाकून पुऱ्या लाटत होता. हात असा चालायचा की बघत राहावं.

"तानाजी माने कोण?" मी विचारलं.

त्याचा हात थांबला. चेहरा पांढरा पडला, दाराकडं बघितलं त्यानं. तेव्हा मला ते काही समजलं नाही. "का वो?" तो म्हणाला.

"मीबी तानाजी मानेच."

"आयला!" तो मोठ्यानं हसला. पिठाचा हात तसाच माझ्या पाठीवर बसला. "गाव कंचं?"

"कवठ्याजवळचं. सांगली जिल्हा. तुमचं?"

"सांगोला. आन् 'तुमचं' काय म्हणतूस लेका? नावभाऊ की आपण! बस, पुऱ्या तळाय लाग."

त्या दिवशी मी दर्शन नीट घेतलंच नाही. झारा हातात धरून दोन तास उभा राहिलो आणि कित्येक आठवड्यांनी पोटभर बोललो.

तो इंग्लंडातल्या माझ्याच गावात राहत होता, हे आणखी नवल. स्टेशनमागच्या एका इंडियन हॉटेलात भांडी घासायचा, कणीक मळायचा, आणि वरच्या माळ्यावर झोपायचा. हॉटेलात त्याला टोनी म्हणत. शिकायला म्हणून २००९ ला आला होता. दीड वर्षात कॉलेजच बंद पडलं आणि त्याबरोबर व्हिसाही गेला. तो मात्र परत गेला नाही. हे त्यानं मला दुसऱ्याच रविवारी सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. "कुणाला बोलू नगंस," एवढंच म्हणाला.

रविवारी हॉटेल दुपारी बंद असायचं. मी अकराला जायचो. तो विजेच्या शेगडीवर तवा टाकून ज्वारीची भाकरी थापायचा, परातीत, हातावर पाणी घेऊन. शेंगदाण्याची चटणी कुटायचा. एकच ताट होतं त्याच्याकडं, त्यातच दोघं जेवायचो. खालून आचारी रशीद कधी कालवण पाठवायचा. तो बांगलादेशातल्या सिल्हेटचा म्हातारा माणूस. हॉटेलातल्या पहिल्या वर्षी तानाजीनं थंडीत अंगावर दुखणं काढलं, तेव्हा त्याला उचलून वर आणलेलं ते रशीदनंच. आम्ही काय बोलायचो म्हणाल तर काही नाही. विहिरीवर पोहायला कसं शिकलो, कुणाच्या लग्नात कसं भांडण झालं, मास्तर कसा मारायचा. परत क्वार्टरवर आलो की सोमवारपासून मी पुढच्या रविवारची वाट बघायचो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यानं विचारलं, "वहिनीला कवा आणतूस?"

तोवर मी त्याला बँकेचं सांगितलंच नव्हतं. लाज वाटायची. त्या दिवशी सांगितलं, की सरकारी यादीत कोणी तरी तानाजी माने आहे, आणि बोलता बोलताच मी त्याच्याकडं बघायला लागलो.

तो भाकरी थापत होता. वर न बघता म्हणाला, "जन्मतारीख कंची तुझी?"

"एक जून."

"साल?"

"ब्याऐंशी."

"मास्तर?"

"मास्तर."

तो एकदम हसायला लागला. मीही हसलो. दोघं एवढे हसलो की रशीदनं खालून जिन्यावर झारा आपटला. मग तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि त्यानं ती उलथन्यानं काढली.

"म्हंजी माझ्यापायी तुझी बायकापोरं अडकून पडली," तो म्हणाला.

"तुझ्यापायी काय? मास्तरापायी."

"म्या जातो उद्या पोलिसात. सांगतो, यादीतला त्यो म्याच. तुझं तरी सुटंल."

"खुळा हायेस का?" मी ओरडलो, आणि ते अगदी मनापासून ओरडलो होतो. "काही कुठं जायचं नाही."

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "बहिणीचं लगीन ठरलंय, वैशाखात. बाप न्हाई, समदं माझ्यावर हाय. तेवढं होऊ दे. मग म्या सोताच इमानात बसतो. आईशप्पत. तवर कळ काढशील का?"

"काढतो," मी म्हणालो. "वैशाखापर्यंत काढतो."

त्यानं माझा हात धरला, पिठाच्या हातानं. मी शब्द दिला होता, यात काही संशय नाही.

पुढच्याच आठवड्यात सरकारी कार्यालयाचा फॉर्म आला. 'यादीतील व्यक्ती आपण नसल्याचं कशावरून म्हणता?' असा प्रश्न आणि खाली चार ओळींची रिकामी जागा. मी तो उशीखाली ठेवून दिला. माझे कागद जोडून पाठवले असते तरी बारा आठवडे लागणार, असं वरच लिहिलेलं होतं.

त्याच आठवड्यात उज्ज्वलाचा फोन आला. माझ्या थोरल्या भावाच्या घरात एका खोलीत ती जुईला घेऊन राहत होती. भावजय तोंडानं वाईट नव्हती, पण घर त्यांचं होतं.

"अहो, खरं सांगा," उज्ज्वला म्हणाली. "तिथं तुमचं काही भानगडीचं आहे का?"

"भानगड कसली? बँकेत अडकलंय म्हणून सांगितलं ना."

"बँकेत माणूस तीन महिने अडकतो होय? इथं सगळी विचारतात मला. तुमचे दादा काल म्हणाले, त्याचं काही खरं दिसत नाही. जुईला परवा ताप होता, मी एकटीनं रिक्षातून नेली. मला नको आता हे. दिवाळीपर्यंत होतंय का बघा. नाही तर सरळ परत या. मिरजेत काय उपाशी होतो का आपण?"

"उज्जू, थोडी कळ काढ."

"मी नाही काढणार," ती म्हणाली आणि रडायला लागली. मागून जुईही रडायला लागली, आई रडते म्हणून.

फोन ठेवला आणि मी फॉर्म उशीखालून काढला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून चार ओळी लिहिल्या. माझ्या वडलांचं नाव शामराव, त्याच्या वडलांचं नाव बाबू. माझं गाव सांगली जिल्ह्यातलं, त्याचं सोलापूर जिल्ह्यातलं. सबब आम्ही दोन वेगळे इसम आहोत. आमच्याकडं माणूस वेगळा ठरवायचा म्हणजे बापाचं नाव आणि गाव सांगायचं, एवढंच आपल्याला माहीत. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की ती सवयीनं झालेली चूक होती.

आठ दिवसांत फोन आला. बाईचा आवाज होता, अगदी सभ्य.

"मिस्टर माने, तुम्ही त्या माणसाच्या वडलांचं नाव लिहिलंय. त्याचा जिल्हाही लिहिलाय. ही माहिती बँकेच्या यादीत नसते. आमच्याकडच्या जुन्या नोंदीत मात्र आहे, आणि ती बरोबर आहे. तुम्हाला ती कशी कळली?"

मी वॉर्डाबाहेरच्या जिन्यात उभा होतो.

"तुम्ही त्याला ओळखता?"

तेव्हा मला 'नाही' म्हणता आलं असतं. गावाकडून कळलं, म्हणता आलं असतं. फोन कट झाला असंही करता आलं असतं. त्या बाईनं दमदाटी केली नाही, की काही लालूच दाखवली नाही. ती फक्त म्हणाली, "तो कुठं असतो हे कळलं, तर दोन्ही नोंदी वेगळ्या करायला सोपं जाईल."

मी सांगितलं. हॉटेलाचं नाव सांगितलं. वरचा माळा सांगितला. रस्ता सांगितला, आणि तिनं विचारलंही नव्हतं तरी पोस्टकोड सांगितला. चूक अशी पोस्टकोडसकट होत नसते, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढचा रविवार आला. मला काय बघायचं होतं कोण जाणे, मी अकरा वाजता हॉटेलात गेलो. वरच्या खोलीला कुलूप होतं. रशीद जिन्यात बसला होता.

"टोनी को ले गए," तो म्हणाला. "परसों. तीन आदमी आए थे. सीधा ऊपर गए, किसी से कुछ पूछा नहीं." तो सरकला, मला शेजारी बसायला जागा केली. "बेटा, सीधा ऊपर कैसे गए? किसने बताया होगा?"

"मालूम नहीं, चाचा," मी म्हणालो.

त्यानं आत जाऊन मला चहा आणून दिला. तो मला पिववेना, पण त्याच्यासमोर टाकवेना, म्हणून प्यायलो.

आणि खातं? खातं अकरा दिवसांत उघडलं. हेलननं स्वतः उठून माझ्याशी हात मिळवला, झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली. "मला वाटलंच होतं, तुम्ही ते नसणार," म्हणाली. दिवाळीला उज्ज्वलाला फोन करून सांगितलं, तर ती ओरडलीच आनंदानं. पुढचे तीन महिने रविवारी मी जादाची ड्यूटी मागून घ्यायचो. सिस्टरला वाटायचं, माने किती कष्टाळू आहे.

मार्चमध्ये उज्ज्वला आणि जुई आल्या. दोन खोल्यांचं घर घेतलं भाड्यानं. जुई दोन दिवस माझ्याकडं यायला तयार नव्हती, तिसऱ्या दिवशी मांडीवर येऊन बसली. घरात फोडणीचा वास, पोरीचा दंगा, बायकोची कटकट, जे जे मागितलं होतं ते सगळं आलं. आणि तरी कधी कधी त्या गजबजीत मी असा बसलेला असायचो की उज्ज्वला चुटकी वाजवून म्हणायची, "अहो, कुठं आहात?"

एका रविवारी दुपारी ती भांडी घासत होती आणि माझा फोन वाजला. नंबर इंडियाचा, ओळखीचा नव्हता.

"तान्या, लेका, वळखलंस का?"

माझ्या मांडीवर जुई झोपली होती. मला उठता येईना.

"तुझा नंबर पाठ केलता म्हणून बरं," तो म्हणाला. "फोन त्येंनी काढून घेतला. बरा हायेस न्हवं?"

"बरा आहे. तू?"

"म्या सांगोल्यातच हाय. बघू, काय तरी धंदा करीन. बहिणीचं पाव्हणं म्हणत्यात, पुढच्या वर्षी बघू. आता काय म्हणायचं त्येंला!" मग त्याचा आवाज जरा खाली आला. "आरं, एक सांगायचं ऱ्हायलं हुतं. त्येंनी मला तुझं नाव इचारलं. म्हणलं, ह्यो नर्स तुझ्याकडं येत हुता का? म्हणलं, न्हाई. असा कुणी मला ठावकं न्हाई. लपीवल्याचा गुन्हा असतो म्हणं तिकडं. उगं तुझी नोकरी जायाची. तवा तूबी कुणी इचारलं तर तेच सांग."

मी 'बरं' म्हणालो. म्हणजे तसं काही तरी म्हणालो असणार.

"मला म्हाईत हाय कुणी सांगितलं ते," तो म्हणाला. "रशीदनं. दुसरं कोण असणार? वरच्या खोलीचं त्येला सोडून कुणालाच म्हाईत न्हवतं. पाच वर्सं चाचा चाचा केलं रं त्येला. एका ताटात जेवल्यालं माणूस असं करंल, वाटतं का तुला?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता. जुईच्या तोंडाला लाळ आली होती, ती मी बोटानं पुसली. "रशीद नाही," एवढे दोनच शब्द म्हणायचे होते.

"वहिनी आल्या का रं?" त्यानं विचारलं.

"आल्या. पोरगीबी आली."

"ब्येस झालं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलेलं कळत होतं. "तुझी लई काळजी हुती मला. म्हणलं, म्या असा मधनंच आलो, आता हे एकटं कसं ऱ्हाईल. हॅलो? तान्या? आवाज जातूय का?"

मी फोन बंद केला. तो नंबर त्याच दिवशी ब्लॉक केला.

उज्ज्वला हात पुसत बाहेर आली. "कुणाचा होता हो?"

"राँग नंबर."

ती माझ्याकडं बघत राहिली. "राँग नंबरशी इतका वेळ काय बोलत होता? आणि मराठीत?"

मी जुईला उचलून आत नेऊन निजवलं. याला आता नऊ वर्षं झाली. उज्ज्वलानं पुन्हा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.